थांबते तिथं थांबू दे

जोल्दोशनं जीपच्या बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "एजे, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. म्हाताऱ्या घोडीला किती दिवस इंजेक्शनं देत बसणार?"

"घोडी मरेपर्यंत," बुरुल म्हणाली.

"मेलीय ती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

अत-बाशी गावातल्या गुरांच्या बाजारामागे जोल्दोशची पत्र्याची शेड होती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक डिझेल इंजिन झाकून ठेवलेलं होतं. नारिनच्या रस्त्यावर उलटलेल्या एका जपानी व्हॅनमधून काढलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवायची तबकडीही त्यानं आधीच कातून आणली होती. "चार दिवस द्या. चढावर असं ओढेल की तुम्हीच मला शिव्या द्याल, आधी का नाही बसवलंस म्हणून."

"आणि जानेवारीत डिझेल गोठलं की मी काय करू? गाडीखाली शेकोटी पेटवू?"

"सगळे पेटवतात. तुम्हीही पेटवा."

बुरुल हसली, पण हो म्हणाली नाही. "विचार करते," म्हणाली आणि जीप घेऊन घरी आली.

ती एक्कावन्न वर्षांची होती. सगळं गाव तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचं. चार वर्षांपूर्वी नवरा, असान, फुप्फुसाच्या दुखण्यानं घरीच गेला. त्याची ही जुनी, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली रशियन जीप तिच्या वाट्याला आली. कोक-बेल खिंडीपलीकडे मेंढपाळांची नऊ कुटुंबं हिवाळ्यातही राहायची. त्यांच्या मेंढ्या, याक, घोडे बघायला बुरुल महिन्यातून दोनदा खिंड ओलांडायची. दुसरं कुणी जायला तयार नसायचं.

इंजिन न बदलण्याची कारणं तिच्यापाशी होती. पेट्रोलचं इंजिन साधं. तार आणि पक्कड असली की वाटेत कुठंही चालू करता येतं. कागदावर जुन्या इंजिनाचा नंबर होता, तो बदलायचा म्हणजे हेलपाटे आले. ही कारणं तिनं जोल्दोशला सांगितली होती. एक सांगितलं नव्हतं.

मरायच्या दोन दिवस आधी असाननं तिचा हात धरला होता. "इंजिन बदलू नकोस," तो म्हणाला होता. "थांबते तिथं थांबू दे."

ताप चढलेला होता. तिनं कपाळावरचा फडका बदलला आणि विषय सोडून दिला.

जीप थांबायची ती खिंडीच्या अलीकडे, खालून चौथ्या वळणावर. रस्त्याच्या उजव्या हाताला तिथं थोडी सपाट जागा आहे. वाळकं गवत, पलीकडे ओढा आणि नंबर पुसलेला एक कललेला सिमेंटचा खांब. बाकी काही नाही. तिथं आलं की इंजिन दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. चार मिनिटांनी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात चालू.

"उंचीवर हवा विरळ," जोल्दोश सांगायचा. "पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, पंपाला ओढता येत नाही. ओला फडका टाका पंपावर."

जुलैमध्ये, चढावर, ते पटण्यासारखं होतं. पण परत येताना उतारावर, बर्फ पडत असताना, इंजिन हाताला कोमट लागत असताना पेट्रोल कसं उकळेल? बुरुल मोजमापाची माणूस. जनावरांच्या तापाची नोंद करायच्या वहीतच तिनं मागच्या पानावर तारीख, वेळ, हवामान लिहायला सुरुवात केली. अकरा फेऱ्या झाल्या. जाताना अकरा, येताना अकरा. बावीसच्या बावीस वेळा तिथंच, आणि दर वेळी चार मिनिटं.

आणखी एक गोष्ट होती. ती तिनं लिहिली, पण कुणाला सांगितली नाही.

जूनमध्ये ती तिथं काच खाली करून बसली होती. ओढ्याचा आवाज येत होता. तेवढ्यात मागची स्प्रिंग कुरकुरली आणि जीप उजवीकडून किंचित वर आली, जाडजूड प्रवासी खाली उतरल्यावर येते तशी. दार उघडलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं. मागे औषधांची पेटी आणि घोंगडी, दुसरं काही नाही. परतीच्या वाटेवर त्याच जागी जीप बंद पडली, आणि त्याच बाजूनं खाली बसली.

लोखंड तापतं, निवतं. स्प्रिंग जुनी झाली की आवाज करते. असं स्वतःला सांगून झालं, तरी पुढच्या फेरीला तिनं उतरून मोजलं. घरून निघताना मागच्या उजव्या टायरच्या आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये वीतभर अंतर होतं. चौथ्या वळणानंतर वीत आणि एक बोट. परत घरी आली तेव्हा पुन्हा वीतभर.

अंगणात, दाराशी बांधलेल्या कुत्र्याजवळ, जीप रात्रंदिवस तशीच उभी असायची. वीतभर.

ऑक्टोबरच्या मध्याला खिंडीपलीकडचा मेंढपाळ मामासाली घोडा फेकत तिला शोधत आला. ती त्याच्या शेजाऱ्याकडं याकाचा पाय बांधत होती. त्याच्या बायकोचं, शारकानचं, पोट पाचव्या महिन्यात पडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. माणसांचा डॉक्टर खिंडीच्या अलीकडे. बुरुलनं जमेल ते केलं, शारकानला मागच्या सीटवर आडवं घातलं. डोकं डावीकडे, पाय उजव्या दाराशी. मामासाली पुढं बसला.

चौथ्या वळणावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

चार मिनिटं झाली. किल्ली फिरवली. काही नाही. सात झाली. दहा झाली. मामासालीनं बॉनेट उघडून पंपावर बर्फ थापलं, नळीतून तोंडानं पेट्रोल ओढलं, थुंकला, पुन्हा येऊन बसला. वाऱ्यानं काचा थरथरत होत्या.

"एजे," मागून शारकान म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तिला बसायचंय."

"कुणाला, बाळा?"

"ही बघा ना, दाराशी उभी आहे. मला पाय घ्यायला सांगतेय."

मामासालीनं मान वळवली नाही. बुरुलनंही नाही. शारकाननं कण्हत कण्हत पाय पोटाशी घेतले.

स्प्रिंग कुरकुरली. जीप उजवीकडून खाली बसली.

बुरुलनं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू.

शारकान वाचली. दवाखान्याच्या पायरीवर मामासालीनं टोपी काढून हातात धरली. मग एवढंच म्हणाला, "एजे, इंजिन बदला." आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जीप जोल्दोशच्या शेडमध्ये नेऊन लावली. असानचं बोलणं आठवत होतं. पण असाननं कधी रक्तानं भिजलेलं माणूस घेऊन तिथं वाट पाहिली नव्हती. तापातल्या शब्दांवर जितीजागती बाई टांगून ठेवता येत नाही.

चार दिवसांनी जोल्दोशनं किल्ली दिली. नेहमीची थट्टा नव्हती. "एजे, जुनं इंजिन खोलून बघितलं मी. पंप, नळ्या, सगळं धडधाकट आहे. मेलीय म्हणालो ते उगाच. बंद पडावं असं त्यात काहीच नव्हतं."

"आता कशाला सांगतोस?"

"तुम्ही नोंदी ठेवता म्हणून."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेंढ्यांना लस टोचायची होती. सकाळी निघताना तिनं मोजलं. वीतभर. आभाळ स्वच्छ होतं, बर्फ रस्त्याच्या कडेला सरकवलेलं. नवं इंजिन खरोखरच ओढत होतं. दुसऱ्या वळणावर तिला जोल्दोशला शिव्या द्यायची आठवण झाली आणि ती मोठ्यानं हसली. तिसऱ्या वळणानंतर हसली नाही.

चौथं वळण आलं. कललेला खांब आला. इंजिनाचा सूर बदलला नाही.

खांब मागे पडला.

मागच्या पत्र्यावर थाप पडली. दोनदा, बेताची. त्या भागात ड्रायव्हरला थांबवायचं असलं की प्रवासी मारतात तशी.

बुरुलनं पाय ढिला केला नाही.

पुन्हा थाप पडली. मग लागोपाठ. मग तळहातानं नाही, मुठींनी. मागचा सगळा पत्रा वाजायला लागला, औषधांच्या बाटल्या एकमेकींवर आपटायला लागल्या. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि खिंडीच्या माथ्यापर्यंत आरशात पाहिलं नाही.

माथ्यावर आवाज एकदम थांबला.

मामासालीच्या घराशी उतरल्यावर तिनं टायरवर हात ठेवला. वीतभर होतं, एक बोटही जास्त नाही.

तिनं दोनशे दहा मेंढ्या टोचल्या. हात चुकला नाही. मामासालीची आई चहा, पाव, लोणी घेऊन वाटेत उभी राहिली, "बस गं, जरा बस," म्हणाली, पण तिनं उभ्यानंच चहाची वाटी रिकामी केली. अंधाराआधी खिंड उतरायची होती. जीपमध्ये बसताना तिनं ठरवलं. जे जिथं उतरायचं ते तिथं उतरलं नव्हतं. थांबायचं इंजिनानं सोडलं, तर आपण थांबायचं. असानही मुद्दामच थांबू देत असणार. यात भिण्यासारखं काही नाही. ती हे सगळं ओठ हलवून स्वतःला सांगत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती चौथ्या वळणावर आली. खांबाशी जीप उभी केली. इंजिन बंद केलं. खाली उतरून मागचं उजवं दार सताड उघडलं आणि चार पावलं मागे सरली.

ओढा गोठला होता. कुठलाही आवाज नव्हता.

"उतर," ती म्हणाली.

चार मिनिटं झाली. घड्याळाकडं तिचं लक्ष होतं. पाच झाली. जीप हलली नाही.

"चुकलं माझं. सकाळी थांबायला हवं होतं. आता थांबलेय ना? उतर, बाई."

आतली घोंगडी उजव्या कोपऱ्यात दाबली गेली होती, कुणी अंग आवळून बसल्यासारखी. बुरुलनं ती पाहिली आणि पुढं जायचं तिचं धाडस झालं नाही.

मग तिच्या मागे, सपाट जागेवर, बर्फाचा पापुद्रा मोडला.

एक पाऊल. थांबून दुसरं. बर्फावर ठसे उमटत नव्हते. आवाज तेवढा येत होता. तो तिच्या शेजारून गेला, इतक्या जवळून की तिच्या बाहीला थंडी लागली. उघड्या दाराशी थांबला.

स्प्रिंग कुरकुरली.

या वेळी डावी. जीप डावीकडून खाली गेली, ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर मागे.

सूर्य डोंगराला टेकला होता. पायी गेली असती तर गाव पाच तासांवर, आणि थंडी उणे अठरा. बुरुलनं दार लोटलं, पुढं येऊन बसली आणि किल्ली फिरवली. नवं इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

ती उतरत राहिली. तिसरं वळण. दुसरं. मानेच्या मागे काही नव्हतं, श्वासही नाही. खाली दरीत अत-बाशीचे दिवे एकेक लागत होते. तिला वाटलं, कुणीतरी बोलावं, काहीही बोलावं.

पहिल्या वळणावर तिच्या सीटमागून बाईचा आवाज आला. दमलेला, साधा, बसमध्ये शेजारणीला विचारावं तसा.

"घर अजून किती लांब आहे?"

"आलंच," उजव्या कोपऱ्यातून दुसरी म्हणाली. "दाराशी कुत्रं आहे, पण ते आपल्यावर भुंकत नाही."