डावा रेणू, उजवा रेणू

लाकडी खेळण्यांच्या त्या दुकानात मी खरं तर भांडायला गेले होते. पण नेहमीचे काका दिसेनात. त्यांच्या जागी एक तरुण भोवऱ्याला पॉलिश करत बसला होता. भुशानं त्याचे केस पार पांढरे झाले होते.

"काकांचा हात प्लास्टरमध्ये आहे. प्लास्टर निघेपर्यंत मीच," तो म्हणाला. "पुतण्या त्यांचा. काय बिघडलं, बाई?"

"मी शाळेत बाई. इथे नाही. आम्ही विज्ञानाच्या तासासाठी लाकडी रेणूंची जोडी मागवली होती. तुम्ही दोन्ही सारखेच केलेत."

"जोडी म्हणजे सारखीच ना?"

"पायात दोन्ही डाव्या चपला घालता का?"

त्यानं वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि हसला. माझं अर्धं भांडण तिथेच संपलं.

मी खोक्यातला एक रेणू काढला. मधोमध काळा गोळा, त्यात चार खुंट्या आणि खुंट्यांच्या टोकांना लाल, पिवळा, निळा, पांढरा असे चार गोळे. भिंतीवरच्या आरशासमोर मी तो धरला.

"दुसरा असा हवा होता, या आरशातल्यासारखा. तो कसाही फिरवा, पहिल्याशी जुळत नाही. आपले दोन हात असतात ना, तसं."

त्यानं पालथ्या डाव्या हातावर उजवाही पालथा ठेवून बघितला. "खरंच की. अंगठे भांडतायत… पण एवढ्यानं फरक काय पडतो?"

वर्गात दाखवायच्या दोन इवल्या बाटल्या पर्समध्ये होत्याच. "डोळे मिटा."

त्यानं मिटले. पापण्यांवरही भुसा होता… हळूच फुंकर घालावीशी वाटली. घातली नाही. पहिली बाटली नाकाशी नेली.

"पुदिना!"

दुसरी नेली.

"हे… शहाजिरं?"

"दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे."

"म्हणजे नाकालाही डावं-उजवं कळतं!" डोळे उघडायची त्याला काही घाई दिसत नव्हती. "उद्या या. दुरुस्त करून ठेवतो."

उद्या गेले, तर रंग ओला होता. परवा खुंटी सैल होती. पुढच्या आठवड्यात लाकूडच दमट निघालं. मी रोज न चुकता रागवायचे, आणि रागवून झालं की तिथल्या स्टुलावर बसायचे. तो माझ्यासाठी भोवरा फिरवायचा. भोवरा डुलत डुलत थांबेपर्यंत आम्ही दोघंही बघत राहायचो… वर्गात मी रेणूंचा धडा मागे ठेवून पुढचे दोन शिकवून टाकले. घरी आई माझे केस हुंगून म्हणाली, "सुतारकामाची शिकवणी लावलीस की काय?"

एकदा तो भोवऱ्याकडे बघत म्हणाला, "शुक्रवारी प्लास्टर निघतंय. मग मला जायचंय. गावाकडे फर्निचरच्या कारखान्यात नोकरी ठरलीय."

"बरं," मी म्हणाले. त्या दिवशी मला रागवता आलं नाही.

शुक्रवारी काका दुकानात बसले होते. बारीक झालेल्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते. दारात बॅग भरून ठेवलेली.

त्यानं खोकं पुढे केलं. एक डावा, एक उजवा. मी आरशासमोर धरून पाहिले… चूक नव्हतीच. परत यायला आता निमित्त उरलं नव्हतं.

तेवढ्यात काकांनी एक रेणू उचलला. "अरे, हा तर तोच जुना! लाल आणि पिवळ्या गोळ्याची नुसती अदलाबदल केलीस! खुंट्या काढायच्या नि घालायच्या. पाच मिनिटांचं काम, आणि तीन आठवडे लावलेस?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तुम्ही रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हतात…" मग एकदम त्यानं मान वर केली. "थांबा. तुम्ही तर हेच शिकवता! कुठलेही दोन गोळे बदलले की झालं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी खोक्याचं झाकण नीट लावायला लागले. ते आधीच नीट लागलेलं होतं.

"होतं," मी म्हणाले. "कॉलेजात असल्यापासून."

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हात अजून फार दुखतोय बुवा," ते म्हणाले. "एकट्यानं दुकान झेपायचं नाही मला." आणि त्याच हातानं दारातली बॅग उचलून ते आत घेऊन गेले.

"कारखान्याला कळवतो," तो हळूच म्हणाला, "येत नाही म्हणून." मग त्यानं डावा हात माझ्यासमोर उभा धरला. "डावा-उजवा जुळत नाहीत म्हणालात ना?"

"एकावर एक ठेवले तर नाही जुळत…" मी माझा उजवा तळवा त्याच्या तळव्याला टेकवला. "समोरासमोर ठेवून बघा."

बोटाला बोट लागलं. अंगठे मुळीच भांडले नाहीत.