टोपाखालचा पंख

"मी नाही बसलो त्यावर! आईशप्पथ!" मनू रडकुंडीला आला होता.

"मग काय, पंख आपोआप वाकला?" गुणाजीकाकांनी आवाज चढवला. "मंडळाच्या खोलीत तुम्हा पोरांना शिरू दिलं, तेच चुकलं. आजपासून मनूला इथे बंदी!"

काका तरातरा निघून गेले. संघमित्राच्या हातातला विमानाचा पंख केळ्यासारखा वाकला होता!

लालबागच्या त्या चाळीत संघमित्रा, मनू आणि स्वप्नील या तिघांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी या छोट्या विमानावर घालवली होती. तिचे आजोबा हवाई दलात अशाच विमानाचे मेकॅनिक होते. आता त्यांचे हात थरथरत, म्हणून जोडणी तिच्याकडे आली. हे रेझिनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे, सुटे भाग कुणा हौशी माणसाने रबरी साच्यात ओतून काढलेले. मोजकेच संच निघाले आणि साचा फाटला. दुसरा पंख शोधूनही मिळाला नसता. आणि आज संध्याकाळी ते खरं विमान उडवणारे परुळेकरसाहेब आजोबांना भेटायला येणार होते!

"संघे, आण इकडे. सरळ करतो," स्वप्नील पुढे सरसावला.

"हात नको लावू! थंड रेझिन वाकवलं तर काडकन तुटतं." बोलता बोलता ती थबकली. "अरे! मनू बसला असता तर पंख तुटला असता. हा वाकलाय. म्हणजे तापून मऊ पडलाय!"

"पण इथे ऊन कुठे येतं?" स्वप्नीलने विचारलं.

रंग वाळावा म्हणून पंखाची दोन्ही टोकं दोन खोडरबरांवर टेकवून तो खोक्यात ठेवला होता. संघमित्राने खोक्याचं झाकण उलटसुलट करून पाहिलं. वर एक तपकिरी गोल डाग होता, एका बाजूला चेपलेला. बंदीमुळे दारातच उभ्या असलेल्या मनूने त्याला नाक लावलं.

"चहा!" तो ओरडला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीत सगळ्यांना चहा पाजणारा माणूस एकच होता.

"काका, तुमच्या हातचा चहा मिळेल?" स्वप्नीलने गोड आवाजात विचारलं. स्तुती ऐकून काका विरघळलेच! थोड्याच वेळात ते वाफाळता टोप घेऊन आले. मनूने दारातूनच लगबगीने वर्तमानपत्र पसरलं. काकांनी टोप त्यावर ठेवला, कप मांडले, टोप उचलला. कागदावर ओला गोल उमटला होता, एका बाजूला चेपलेला!

संघमित्राने झाकण शेजारी ठेवलं. काकांचा चेहरा पडला.

"काल सभेला टेबल भरलेलं... मला वाटलं, रिकामा खोका आहे, म्हणून टोप त्यावर टेकवला."

"आणि ओरडा मला!" मनू फुरंगटून म्हणाला.

"चुकलं रे, बाबा. आता काय करायचं?"

"याच टोपात पाणी तापवा. उकळी नको!" संघमित्रा म्हणाली.

तेवढ्यात आजोबा आले. सगळं ऐकून ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही करा ना," तिने पंख त्यांच्यापुढे धरला.

"तूच कर. मी आहे इथे."

पंख गरम पाण्यात गेला. तिने तो चिमट्याने उचलून काचेवर दाबला. टोक भलतीकडेच वळलं! "गेला!" स्वप्नील कुजबुजला. तिने दातओठ खाऊन पुन्हा बुडवला, पुन्हा दाबला आणि तसाच धरून स्वप्नीलला थंड पाणी ओतायला लावलं. मग तिने हळूच बोटं काढली.

पंख सरळ होता!

संध्याकाळी परुळेकरसाहेब पंख जोडलेल्या विमानासमोर वाकले. दोन्ही पंखांच्या रेषेत डोळा लावून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"रामदास, तू तपासलेल्या विमानात मी डोळे मिटून बसायचो. या पोरांच्या विमानातही बसेन!" ते आजोबांना म्हणाले.

आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी थरथरता हात संघमित्राच्या डोक्यावर ठेवला.

इतक्यात गुणाजीकाका चहाचा टोप घेऊन दारात आले आणि अजून उंबऱ्याबाहेरच उभ्या असलेल्या मनूजवळ थांबले.

"मनूशेठ," ते अदबीने म्हणाले, "आत येऊन सांगा, हा कुठे ठेवू?"

आणि मनूने ऐटीत खोलीत येऊन पाट सरकवला.