दगडोबांचा पेला

लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायचं, एवढंच काम होतं. माझा साडू व्यंकटी आणि त्याची बायको केवळाबाई सकाळीच लातूरहून कंधारला निघाले. डिझेलची नवी गाडी. सीटवरचं प्लास्टिकही व्यंकटीनं अजून काढलं नव्हतं.

"हे कधीचं, मामा?" नरसिंगनं विचारलं. लाइट गेली होती म्हणून आम्ही सगळे गच्चीवर आलो होतो. भाचरं चटईवर, मी खाटेवर.

"दोन हजार सोळा. नऊ मे, सोमवार. आखिती होती."

ते वर्ष कुणाला सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. टपरीवर बसून लोक कलेक्टर कचेरीची जागा ठरवायचे, आणि चहा मागितला की टपरीवाला म्हणायचा, दूध हाय, पाणी न्हाई.

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरतात. व्यंकटीचे वडील दगडोबा त्याच जानेवारीत गेले होते. त्यांची ही पहिली आखिती.

दगडोबांचा एक पितळी पेला होता. बूड अरुंद, तोंड पसरट. तहान भागली की ते पेला पालथा ठेवत. अजून हवं असलं की सरळ ठेवत. तोंडानं कधी मागत नसत. सुनेनं पेल्याकडं बघून समजून घ्यायचं. शेवटी त्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणी तोडलं. घसा ओला करण्यापुरतं द्या, म्हणाले. म्हातारा पेला सरळ ठेवून बघत राही. व्यंकटी नजर चुकवून बाहेर जाई. त्यानं डॉक्टरांचं ऐकलं, दुसरं काय करणार होता? ते गेले तेव्हा पेला उशाशी होता. सरळच.

त्या सकाळी केवळाबाई म्हणाली, "मामंजींचा करा भरते."

"कशानं भरतीस? टाकीचा तळ दिसून राहिला. लेक येणार, तिला पाणी लागंल का न्हाई?"

"पहिली आखिती हाय ओ त्यांची."

"बाबा समजून घेतील. पुढच्या वर्षी दोन भरू."

केवळाबाईनं रिकामा करा पिशवीत घातला. व्याह्यांच्या विहिरीवर भरू, असा तिचा विचार. तिथं विहिरीत पोरं क्रिकेट खेळत होती.

प्रणिता, त्यांची लेक, दुपारपासून गप्प होती. जावई पुण्याला कामाला. संध्याकाळी तिला कंधारच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली, आणि मशीन बंद न करताच म्हणाल्या, "पोटातलं पाणी फार कमी झालंय. बाळ गुदमरेल. लातूर राहू द्या, इथूनच नांदेडला न्या. आत्ता."

हाताला सलाईन लावून दिली. मागच्या सीटवर प्रणिता आडवी, केवळाबाई बाटली उंच धरून. पुढं व्यंकटी एकटा. शेजारची सीट रिकामी. निघाले तेव्हा दहा वाजले होते. तिजेची कोर मावळून गेली होती.

लोह्यापर्यंत काही झालं नाही.

लोहा मागं पडलं, आणि प्रणिता म्हणाली, "आई, पाणी."

कंधारला घेतलेली बाटली केवळाबाईनं उचलली. हलकी लागली. झाकणाचं सील तसंच होतं. आत थेंब नव्हता.

"दुकानदारानं रिकामीच दिली वाटतं," व्यंकटी म्हणाला.

"मी घेतली की हातात. जड होती."

"डुप्लिकेट कंपनी असंल, मामा," नरसिंग म्हणाला. पोरं हसली. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबलो.

थोडं पुढं गेल्यावर आवाज आला. कुणीतरी वरून, पेला ओठाला न लावता, पाणी पितंय... घटाघटा.

"काय पिऊन राहिल्या गं तुम्ही?" व्यंकटीनं मागं न बघता विचारलं.

"प्यायला हाय काय?" केवळाबाई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "ओ... ही बाटली बघा."

सलाईन उतरत होती. थेंबाथेंबानं नाही. भोक पडल्यासारखी. तिनं नळीची चकती फिरवून बंद केली. तरी उतरत होती. नळीतून काही जात नव्हतं. बाटली मात्र रिकामी होत होती.

घट... घट...

आवाज पुढच्या सीटकडून येत होता.

व्यंकटीनं तिकडं बघितलं नाही. त्यानं समोर बघितलं. काटा मधे होता. गरम पाण्याचा काटा, नेहमी मधेच असतो. तो हलला. वर गेला. लाल झाला. सगळं एका दमात. पाय ब्रेकवर जाईपर्यंत बॉनेटखाली लोखंड फुटल्याचा आवाज झाला, आणि गाडी मेली.

त्यानं उतरून बॉनेट उघडलं. रेडिएटरची पारदर्शक डबी कोरडी. गाडीखाली वाकून रस्त्यावर हात फिरवला. रस्ता कोरडा. वाफ नाही, गळती नाही.

"कूलंट कोण पितं, मामा?" नरसिंगनं विचारलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

गाडीतून प्रणिता म्हणाली, "बाबा... जीभ चिकटली. बाळ... हलंना."

फोनला रेंज नव्हती. सोनखेडचे दिवे लांब होते.

व्यंकटी दारात उभा राहिला. आत अंधार. आणि त्याला ऐकू आलं. शेजारच्या सीटचं प्लास्टिक चुरचुरलं. माणूस पुढं सरकून बसतो, तसं.

त्याला कळलं.

तेवढ्यात मागून उजेड आला. टँकर होता. व्यंकटी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर बिदरकडचा, मलप्पा नावाचा.

"मरायचंय का ओ?"

"पोरगी अडलीय. पाणी हाय?"

"रिकामा करून आलोय. पाइपात असंल तांब्याभर."

पाइप वाकवला. तांब्याभरच निघालं. गढूळ. मलप्पा तांब्या घेऊन प्रणिताकडं निघाला. व्यंकटीनं त्याचा हात धरला.

"करा दे," तो बायकोला म्हणाला.

केवळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. लेक मागं तडफडत होती. पाणी तेवढंच होतं. तिनं पिशवीत हात घातला आणि करा काढून दिला.

"अरे पोरीला पाजा की!" मलप्पा ओरडला. "येडा हाय का ह्यो माणूस?"

व्यंकटीनं सगळं पाणी कऱ्यात ओतलं. करा त्यानं पुढच्या सीटवर ठेवला. प्लास्टिकवर.

"बाबा... चुकलो. प्या. पोरीला सोडा."

काही नाही.

काही नाही...

मग घोट. एक. हळू.

मलप्पानंही तो ऐकला. ऐकल्यावर त्यानं प्रणिताला उचलून टँकरच्या केबिनमधे ठेवलं आणि वाटेत एकदाही ब्रेक लावला नाही.

विष्णुपुरीच्या अलीकडं प्रणिता म्हणाली, "आई... हललं."

पहाटे नांदेडला मुलगी झाली. दोघी धड. तो फोन तुमच्या मामीनं घेतला होता. ती तेव्हा होती.

पुढचं मी स्वतः बघितलंय. गाडी ओढून नांदेडच्या शोरूमला नेली. इंजिनातला दांडा ब्लॉक फोडून बाहेर आलेला. मॅनेजर म्हणाला, "पाणी नसताना चालवली, वॉरंटी बसत नाही." पण रेडिएटरला हवा भरून बघितली, कुठंही गळेना. झाकणाचं कंपनीचं सील शाबूत. गाडीच्या कॉम्प्युटरमधे नोंद होती: पाणी पूर्ण होतं, आणि लगेच नव्हतं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. तीन वेळा तपासलं. मला म्हणाला, "काका, एवढं पाणी जाईल कुठं?" कागदावर कारण लिहावं लागतं, म्हणून त्यानं बनावटीतला दोष लिहिला आणि वॉरंटीत नवं इंजिन मंजूर केलं.

इंजिन जूनच्या सुरुवातीला आलं. लाकडी पेटी, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकलेली. पाऊस अजून नव्हता. व्यंकटी मला सोबत घेऊन गेला. त्या रात्रीपासून तो एकटा कुठं जात नसे, आणि दगडोबांचा पेला पिशवीत घेतल्याशिवाय घर सोडत नसे.

शोरूमच्या पोरांनी आमच्यासमोर पेटी फोडली. आत जाड प्लास्टिक, चहूबाजूंनी चिकटवलेलं. ते कापलं. इंजिन नवंकोरं, तेलाचा वास.

आणि वरच्या झाकणावर, मधोमध, पाण्याचं एक गोल.

"ओल लागली असंल," शोरूमचा पोरगा म्हणाला.

मी बोट लावलं. बाहेर पत्रा भाजत होता. ते पाणी माठातल्यासारखं थंड होतं.

व्यंकटीनं पिशवीतून पेला काढला. आधी पालथा धरला. पसरट तोंड गोलाच्या बाहेर गेलं. मोठं झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पेला सुलटा केला, आणि सावकाश खाली टेकवला.

बूड बरोबर बसलं.

म्हणजे पेला सरळ ठेवलेला होता.