काकांची ऑडी, अप्पांची यती

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत गाडी लावायची एक रीत आहे. गल्ली एवढीशी, गाड्या एकीपुढे एक. म्हणून बाहेरच्या बाजूला लावणाऱ्याने गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडायचा आणि खुशाल घरी जाऊन जेवायचं. आतल्याला निघायचं असलं की तो पुढची गाडी ढकलतो, आपली काढतो, ती पुन्हा जागेवर ढकलतो. कुणी कुणाला हाक मारत नाही.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी मी अशीच एक गाडी ढकलत होते आणि ती हलत नव्हती. काळी, भली थोरली ऑडी. तिच्या आड आमची, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, जुनी स्कोडा यती अडकलेली. मी नाटकांना नेपथ्याचं सामान पुरवते. यतीच्या मागच्या सीटा काढून मी आरामखुर्ची, दोन कंदील आणि एक पाळणा कोंबला होता, आणि परळच्या नाट्यगृहात माझी वाट बघत होते. इस्त्रीवाला आणि दूधवाला मदतीला धावले. तिघांनी जोर लावला. ऑडी ढिम्म.

“अहो, नका ढकलू! ऑटोमॅटिक आहे ती, पार्कला टाकलीय, चाकं लॉक आहेत!”

जिन्यावरून एक जण धडधडत उतरला. हातात चावी, अर्ध्या गालावर दाढीचा साबण.

“ऑटोमॅटिक असो नाहीतर पुष्पक विमान,” मी म्हटलं, “वाडीत ढकलता येईल अशीच लावतात.”

“सॉरी हो, कालच आलोय. मी सौमित्र... रमाकांतकाकांचा पुतण्या.”

“गालाला फेस आहे.”

“तुमच्या नाकाला धूळ आहे,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून स्वतःच लाजला.

रमाकांतकाका तिसऱ्या मजल्यावरचे. लग्न केलं नाही, पण सेकंडहँड ऑडी घेतली, निव्वळ हौस म्हणून. इतकी वर्षं ती चर्नी रोडच्या एका गॅरेजमध्ये झाकून असायची. आता गुडघे गेले, म्हणून भावाने त्यांना नाशिकला नेलं. पुतण्या तिथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजात गाड्यांबद्दल शिकवायचा. सुट्टीत येऊन काकांची खोली रिकामी करायची, गाडी विकायची आणि परत जायचं, एवढंच त्याचं काम होतं.

मग रोज सकाळी मी खालून “ओऽ ऑडी!” अशी हाक मारू लागले आणि तो उतरू लागला. चार दिवसांत अहो-जाहो संपलं. पाचव्या दिवशी मला कुठेच जायचं नव्हतं, तरी मी हाक मारली. यती दोन मिनिटं बाहेर काढली आणि परत लावली.

एका संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर तिखटमीठ लावलेली कैरी खात बसलो होतो. समोर दोन्ही गाड्या. मी सहज म्हटलं, “दोन्ही एकाच फोक्सवॅगन घराण्यातल्या ना? दोन्हींची चारही चाकं चालतात. सारखंच की.”

त्याने कैरी खाली ठेवली. “परीक्षेत असं लिहिलंस तर भोपळा देईन.”

“मग समजावा, सर.”

“ऑडीत इंजिन उभं बसवलंय, यतीत आडवं. सगळं तिथून सुरू होतं. ऑडीत मधोमध गिअरचा एक डबा आहे. तो गाडी सुरू झाल्यापासून चारही चाकांना जोर वाटत असतो. पुढची घसरायला लागली की मागच्यांना जास्त देतो. यतीत एरवी सगळा भार पुढच्या दोघांवर. मागच्या चाकांच्या आसाजवळ तेलात बुडालेल्या चकत्या आहेत. गरज दिसली की संगणक त्या एकमेकींवर दाबतो... अशा,” त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबून दाखवले, “की मागची चाकंही कामाला लागतात.”

“म्हणजे ऑडी थोरली जाऊ. पहाटेपासून स्वयंपाकघरात. आणि आमची यती धाकटी, हाक मारली की पदर खोचून येणार.”

तो मोठ्याने हसला. “कधीकधी हाकेच्या आधीच येते, अंदाज असतो तिला. आणि गंमत सांगू? ऑडीचीच धाकटी, क्यू-थ्री, तिच्या पाठीवरही ‘क्वाट्रो’, म्हणजे चारही चाकं चालणारी, असं लिहिलेलं असतं. पण आत सगळी यतीचीच रचना. फोक्सवॅगनची टिग्वानही तशीच.”

“आडनावावर जाऊ नये म्हणजे.”

“अजिबात जाऊ नये.”

खरं सांगू? मला त्या चकत्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण तो सांगताना त्याच्या डोळ्यांत जे काही यायचं ना... ते बघायला मी कळलेलं पुन्हा विचारायचे. तोही न कंटाळता सांगायचा. एकदा तळहात दाबून दाखवताना त्यातला एक माझा होता. दोघांनीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते. आणि गाडी विकली की तो जाणार होता.

दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. “नाही जमलं,” तो यायचा आणि सांगायचा. मी तोंडदेखलं “अरेरे” म्हणायचे आणि घरात येऊन अप्पांसाठी शिरा करायचे. अप्पा म्हणायचे, “आज काय विशेष?”

कॉलेज उघडायला आठवडा राहिला. सौमित्र म्हणाला, “तोवर नाही विकली तर मला दर शनिवारी यावं लागेल बहुतेक.” आणि माझ्याकडे न बघता चावीशी खेळत राहिला. मी मनात ठाकूरद्वारच्या सगळ्या देवांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो काकांचं सागवानी कपाट घेऊन रे रोडच्या लाकूडबाजारात गेला. जाताना चावी माझ्याकडे दिली, कारण एक बाई गाडी बघायला येणार होत्या.

मीराबाई लालबागच्या. साठी उलटलेली, पायांत बूट, बरोबर कुणी नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि मला म्हणाल्या, “माज्या भाच्याकडे स्कोडा आसा, ती पण फोर बाय फोर. घराणा एकच ना गो? मगे हीच कित्याक घेऊ? दोनय सारखीच ना?”

उत्तर जिभेवर तयार होतं. होय, सारखीच. एवढं म्हटलं असतं तर त्या स्कोडा शोधायला गेल्या असत्या आणि सौमित्र दर शनिवारी आला असता. कुणाला कळलंही नसतं.

“गाडी कुठे चालवणार?” मी विचारलं.

“आंबोलीखाली घर आसा माजा. घरापर्यंत तांबड्या मातीचो चढ. पावसात गाडी खालीच ठेवन चलत जावक लागता.” त्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या.

त्या गुडघ्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

मग मी सगळं सांगितलं. उभं इंजिन, मधला डबा, तेलातल्या चकत्या. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं आधी घसरतात. तिथे मागची चाकं पहिल्यापासून कामावर असलेली बरी. भाच्याची गाडी वाईट नाही, तीही चढेल, हिच्यापेक्षा कमी खर्चात सांभाळता येईल. पण दोन्ही सारख्या नाहीत. मलबार हिलच्या चढावर त्यांना एक चक्करही मारून आणली. मी बोलत होते आणि प्रत्येक वाक्य सौमित्रचं होतं, त्याच्या हातवाऱ्यांसकट.

“घेतलंय,” मीराबाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत विचारलं, “तुजी गाडी काय गो ही?”

“नाही. शेजाऱ्यांची.”

“मगे डोळ्यांत पाणी कित्याक?”

“ऊन आहे,” मी म्हटलं.

संध्याकाळी तो परत आला. कपाट विकून खुशीत असेल असं वाटलं होतं, पण दमलेला दिसत होता. मी जिन्याच्या पायरीवर बसूनच सांगितलं, “विकली गेली. रविवारी येऊन नेणार आहेत.”

“कशी?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “म्हणजे... तू काय सांगितलंस त्यांना?”

“खरं ते. जे तू सांगतोस ते.”

“सगळं?”

“सगळं. क्यू-थ्रीसकट.”

तो खालच्या पायरीवर मटकन बसला. नळाचं पाणी सुरू झालं, कुणाची तरी बादली वाजली. मग तो कपाळावर हात मारून हसायला लागला.

“हसतोस काय? मी सकाळपासून रडतेय,” माझ्या तोंडून निघूनच गेलं.

“मनवा, आधी दोन गिऱ्हाइकं आली होती ना? दोघांनाही गाडी आवडली होती. दोघांनीही विचारलं, ऑडी आणि स्कोडात फरक काय. मी... मी त्यांना म्हटलं, काही नाही हो, सारखंच आहे. स्कोडाच घ्या.”

“तू?”

“मी! नऊ वर्षं हेच शिकवतोय आणि दोन अनोळखी माणसांना धडधडीत खोटं सांगितलं. काका विचारतायत, अजून कशी विकली जात नाही, तर त्यांनाही थापा मारल्या. इथून जायचं नव्हतं मला.” मग हळूच म्हणाला, “तुझ्यापासून.”

मला रडू येत होतं आणि हसूही. “आणि मी शहाणी, तुझी गाडी विकून बसले!”

“बरं झालं,” तो म्हणाला. “आता यायला निमित्तच उरलं नाही. आता येईन तेव्हा खरं कारण सांगावं लागेल.”

“अप्पांना?”

“अप्पांना.”

“विचार कर. पस्तीस वर्षं बँकेत होते. कर्ज मागायला आल्यासारखी उलटतपासणी घेतील.”

रविवारी मीराबाई गाडी घेऊन गेल्या. त्याच दुपारी तोही गेला. तो अख्खा आठवडा यती कुणीही न अडवता सरळ बाहेर निघत होती आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

शनिवारी दुपारी कडी वाजली. मी आत केस पुसत होते. अप्पांनी दार उघडलं आणि चष्मा सारखा करत विचारलं, “अरे, सौमित्र? काकांचं काही राहिलंय का?”

“नाही. मी मनवासाठी आलोय,” तो म्हणाला. अजून त्याने चपलाही काढल्या नव्हत्या.

अप्पा वळले. माझ्याकडे, माझ्या ओल्या केसांकडे, हातातून गळून पडलेल्या टॉवेलकडे बघितलं. मग दारातून बाजूला होत म्हणाले, “आत ये बाबा. आणि मनवा, शिरा कर. आज काय विशेष, ते मी नाही विचारणार.”