छत्रीवाला आणि एक्स-रेवाला

बाहेर भुरभुर लागली होती आणि दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराशी एक तरुण पायपुसण्यावर बूट पुसत उभा होता. एकदा पुसून झाले, पुन्हा पुसले. काउंटरमागच्या ठकीने डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाली, "बोला."

तो जरा गडबडला. मग पिशवीत हात घालून त्याने एक खेळाचं मशीन काढलं — तळहातावर मावेल एवढं, कोपरे झिजलेलं.

"याचं... एक बटण दाबलं जात नाही."

तिने दाबून पाहिलं. "एक कसलं? तीन गेलीत. एवढी मारामारी करता यात?"

"मारामारी नाही हो. समजूत घालतो."

"कोणाची?"

"राक्षसांची. म्हणजे, राक्षस म्हणजे रुसलेली किटली, जोडीदार हरवलेला मोजा, असे. खेळात आपण छत्र्या दुरुस्त करणारा. छत्रीने झोडपलं तरी चालतं, पण मी अजून एकालाही मारलं नाही. बेचाळीस तास झालेत."

स्टुलावर बसून रेडिओ खोलणारे तिचे मामा म्हणाले, "बेचाळीस तासांत माणूस पोहायला शिकतो."

तो हसला. हसताना त्याचे कान लाल होत. मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करतो, महिनाअखेर दुसऱ्या गावी बदली आहे, त्याआधी मिळालं तर बरं, एवढं सांगून तो गेला. मामांनी लगेच त्याचं नाव एक्स-रेवाला ठेवून टाकलं.

मामांच्या दुकानाचा एक नियम होता. बटणं बदलली की पाव तास सगळी दाबून पाहायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटणांखालची नवी रबरं बसवली आणि नियमाप्रमाणे खेळ सुरू केला. नवा खेळ, पहिल्यापासून. छत्रीवाला आजारी गोगलगायीसारखा चालायचा. गावातल्या धर्मशाळेपर्यंत पोचता पोचता तिलाच जांभया आल्या. पलंग दिसला, तिने बटण दाबलं, छत्रीवाला आडवा झाला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'झोप छान झाली. आठवण जपून ठेवली.'

तिने त्याची जुनी आठवण शोधली, ती कुठेच नव्हती. या खेळात झोपणं म्हणजेच सेव्ह होणं, आणि आठवण ठेवायला जागा एकच! नवं आलं की जुनं पुसलं. विचारायची सुद्धा पद्धत नाही. कोणाचे तरी बेचाळीस तास तिने एका डुलकीत घालवले होते.

"ठकी, सरळ सांगून टाक त्याला," मामा म्हणाले.

"सांगते ना... झालं की."

"काय झालं की?"

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तो जिथे होता तिथवर, अगदी तस्सं, नेऊन ठेवायचं. आणि पाच वाजता तो आला तेव्हा ती धडधडीत खोटं बोलली. "एक भाग मागवलाय. वेळ लागेल."

तेव्हापासून रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत ती खेळायला लागली, आणि खेळाला शिव्या घालायला लागली. पिशवीत सातच वस्तू मावत, आठवी घेतली की पहिली गुपचूप गळून पडायची. वारा सुटला की नकाशा उलटा व्हायचा. विनोद असे की हसावं की रडावं कळू नये. पण बेकरीवालीला आपण मागे काय बोललो ते आठवायचं. समजूत घातलेली किटली चार गावं ओलांडल्यावर वाटेत भेटायची आणि झाकण हलवून ओळख द्यायची. आडमुठा खेळ, लहरी, आणि तरी खाली ठेववत नव्हता.

आणि रोज पाच वाजता तो यायचा. हॉस्पिटलच्या साबणाचा वास घेऊन.

"भाग आला?"

"वाटेत आहे."

"वाट बरीच लांबची दिसते."

"तुमच्या छत्रीवाल्याच्या पायांनी येतोय, मग काय होणार!"

तो काउंटरला कोपर टेकून उभा राहायचा. ती तारा जोडायच्या तापलेल्या सोल्डरकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारायची, "त्या विहिरीतल्या बेडकाचं काय केलंत तुम्ही?"

"त्याला खरं सांगावं लागतं. खोटं बोललं की तो आतून झाकण लावून घेतो."

सोल्डरचा थेंब भलत्याच जागी पडला.

"आणि शेवट? शेवट काय आहे?"

"माहीत नाही. मी दीपगृहाच्या दारात थांबलोय. आत गेलं की खेळ संपतो." त्याने काउंटरवरचा एक स्क्रू बोटाने फिरवला. "काही गोष्टी... संपवाव्याशा वाटत नाहीत." हे म्हणताना तो मशीनकडे बघत नव्हता.

महिना संपायला आठ दिवस असताना ती दीपगृहाच्या दारात पोचली. काम फत्ते झालं होतं. त्या दिवशी मशीन द्यायला हवं होतं. तिने ते खणात ठेवलं आणि पाच वाजता पुन्हा म्हणाली, "वाटेत आहे." मशीन दिलं की तो येणार कशाला? पावणेपाच झाले की तिचे स्क्रू चुकीच्या डबीत पडत. दारावर सावली आली की ती मान वर करायची, आणि सावली दुसऱ्याच कोणाची निघायची. मग तो यायचा, दहा मिनिटं थांबायचा, जायचा. आणि त्या दहा मिनिटांची उजळणी करण्यात तिचे उरलेले तेवीस तास जायचे. असं कोणासाठी झुरायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

शेवटचा बुधवार उजाडला. तो आला तो हातात हॉस्पिटलातलं सामान भरलेली बॅग घेऊनच. उद्या सकाळी सातची बस होती.

तिने मशीन काउंटरवर ठेवलं. "हे पहिल्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. भाग-बिग काही मागवला नव्हता. बटणं तपासताना मी... तुमचा सगळा खेळ पुसला गेला. बेचाळीस तास. मग मी पुन्हा खेळले, तुम्ही सांगाल तसा. दारापर्यंत आणलाय. रागवा हवं तर."

त्याने मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्याचे कान लाल झाले.

"बेचाळीस नव्हते," तो म्हणाला. "चार होते."

"म्हणजे?"

"बेडकापाशी अडकलो होतो. कंटाळून तीन वर्षं हात लावला नव्हता. तुमच्यासमोर आपलं... फुशारकी मारली."

"आणि मग बेडकाची युक्ती? बेकरीवाली? दीपगृह?"

"ताईकडे असंच दुसरं मशीन आहे. तुम्ही रोज 'पुढे काय, पुढे काय' विचारायचात. मग मी रोज सकाळी ड्यूटीआधी खेळायचो. संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं ना!"

"अहो, त्या किटलीच्या समजुतीला मला अकरा मिनिटं लागली! एका फटक्यात गेली असती ती!"

"मला वीस लागली."

दोघंही हसत सुटली. मामा एकदम उठले, दूध आणायला हवं म्हणाले, आणि पिशवी न घेताच गेले. हसू ओसरलं तशी दुकानातली सगळी घड्याळं ऐकू यायला लागली.

"पण दारापर्यंत कधी पोचलात तुम्ही?" त्याने हळूच विचारलं.

"आठ दिवस झाले."

"मग दिलं का नाहीत?"

काहीतरी थाप मारता आली असती. आता तिला त्यात चांगलाच सराव झाला होता. पण तिने मान वर केली.

"दिलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं. मला तुम्ही आवडता, म्हणून. आणि उद्या तुम्ही जाणार. झालं... सांगितलं."

त्याने बॅग खाली ठेवली.

"मला वाटत होतं, मी एकटाच..." त्याने बॅगेचा पट्टा सरळ केला. "तिकडून रविवारी एक बस सुटते. दहाला इथे पोचते."

"रविवारी दुकान बंद असतं."

"म्हणूनच म्हणतोय."

तिने पावतीपुस्तक ओढलं. पावती उलटी करून घरचा पत्ता लिहिला, वळणाची खूण लिहिली, कितवा मजला तेही लिहिलं, आणि कागद त्याच्या हातात ठेवताना बोटं लगेच मागे घेतली नाहीत. तो गेला. रविवार चार दिवसांवर होता, आणि एवढा लांबचा रविवार तिने आजवर पाहिला नव्हता.