चांगल्या चाकाला दगड लावा

घनसावंगीहून परतूरला जाताना सत्यशीलाच्या ट्रेलरचं चाक पंक्चर झालं. जीपमागं जोडलेली दोन चाकांची छोटी खोली ती. गावोगाव डोळे तपासायला फिरायची. सत्यशीला तिच्यातली नर्स. ड्रायव्हर संपतकाकांची कंबर धरलेली, म्हणून तिनंच पाना हातात घेतला.

एक मोटारसायकल थांबली. पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांतला तरुण उतरला.

"मी बद्रीनाथ. मदत करू?"

"कपडे खराब होतील."

"होऊ द्या. परतूरला पोरगी पाह्यला चाललो. कसा माणूस हाये, तिलाबी कळू द्या!"

ती हसली. "मंग चांगल्या चाकाला दोन्हीकून दगड लावा. ट्रेलर जीपपासून सोडायचा न्हाई."

चाक जमिनीवर असतानाच तिनं नट ढिले केले. काळ्या मातीवर फळी टाकून एक्सलखाली जॅक लावला. चाक निघालं... तेवढ्यात एक नट ट्रेलरखाली घरंगळला. बद्रीनाथनं वाकून हात घातला—

"हात काढा!"

तिनं कॉलर धरून त्याला मागं ओढलं. फळी खचली, ट्रेलर धाडकन खाली बसला. बरोबर त्याचा हात होता तिथंच.

कॉलर अजून तिच्या मुठीत.

"माझ्या भावाचा हात असाच गेला," ती हळूच म्हणाली. मग कुठं तिनं कॉलर सोडली.

मग दोघांनी माती उकरली, रुंद फळी टाकून जॅक पुन्हा लावला, दुसरं चाक चढवलं.

"जा जल्दी. पाहुणे वाट पाहत असतील," ती म्हणाली. तो गेला, अन् उगाचच तिला रस्ता रिकामा वाटला.

दोन दिवसांनी परतूरच्या शिबिरात तो रांगेत उभा!

"तुम्हाला काय दिसत न्हाई?"

"सगळं बराबर दिसतंय." तो थांबला. "पोहे यायच्या आधीच हात जोडले. पोरीचा दोष न्हाई, माझंच मन थाऱ्यावर न्हाई म्हणलं. वडील, आमचे बापू, बोलत न्हाईत माझ्याशी."

"कशापायी असं केलं?"

"माझ्यासाठी एवढं घाबरलेलं... मी कुणाला पाह्यलं नव्हतं."

तिनं नजर खाली वळवली. भावाच्या अपघातापासून प्रत्येक जवळच्या माणसासाठी तिचा जीव असाच टांगणीला लागायचा. त्यात आणखी एक माणूस?

"मी रोज घाबरंन. ओरडंन. जमंल?"

"जमंल."

"अन् बापूंना रुसवून मी त्या घरात पाय ठेवणार न्हाई."

"म्हणजे... ठेवणार?"

रांगेतल्या म्हाताऱ्या हसायला लागल्या. सत्यशीलाचे कान तापले.

"बापूंना घेऊन ये आमच्या घरी," ती पुटपुटली. "अन् गाडी हळू चालव."