कानशिवण डॉट कॉम

कॅफेत प्लगची जागा एकच होती, आणि तिथे त्याचा चार्जर आधीच बसला होता.

"थोडा वेळ देता का? माझा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतोय," तिनं विचारलं.

"घ्या की. माझा पोटभर जेवलाय." त्यानं वायर उपटली आणि शेजारची खुर्ची मोकळी करून दिली. काचेबाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याच्या शर्टाचा एक खांदा ओला होता, एक कोरडा… म्हणजे छत्री कुणाबरोबर तरी वाटून आला असणार, असं तिच्या मनानं लगेच टिपलं. तिचं मन असलंच काहीबाही टिपायचं.

तिनं वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीचं पान उघडलं आणि वाचू लागली.

"खालच्या चौकोनातली खूण काढा," शेजारून आवाज आला. "त्यांनी ती आधीच करून ठेवलीय. राहिली तर नावाबरोबर नको त्या चार गोष्टी गळ्यात पडतील."

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. "तुम्ही माझ्या स्क्रीनमध्ये बघताय?"

"बघितलं खरं… सॉरी. धंद्याची खोड. मी वरच्या मजल्यावर होस्टिंग कंपनीत असतो. ज्यांच्या साइट बंद पडतात, ते फोन करतात आणि मी शिव्या खातो."

"म्हणजे तुम्ही मला तुमच्या कंपनीचं काहीतरी विकणार."

"छे! आमच्याकडे मुळीच घेऊ नका."

"का?"

"तुम्ही शिव्या घातल्या, तर मला वाईट वाटेल," तो म्हणाला, आणि कपात बघत हसला.

घरी आल्या आल्या तिनं ताईला फोन लावला. "स्वतःच्याच दुकानात येऊ नका म्हणणारा माणूस कधी बघितलायस? नक्की काहीतरी पाणी मुरतंय."

"अगं, तू आरशातल्या बाईकडेसुद्धा ओळखपत्र मागशील," ताई म्हणाली. "डोळे कसे आहेत त्याचे?"

"डोळ्यांचा इथे काय संबंध?"

"म्हणजे चांगले आहेत."

तिच्या संशयाला कारण होतं. ती मुलांची फाटकी खेळणी दुरुस्त करायची. सशांचे कान, अस्वलांची पोटं, बाहुल्यांचे उसवलेले हात. तिची पहिली साइट एका जिवलग मैत्रिणीनं काढून दिली होती – 'तू शिव गं, बाकीचं मी बघते' म्हणत. नाव नोंदवलं मैत्रिणीनं, स्वतःच्या नावावर. पुढे दोघींचं बिनसलं आणि साइट एका रात्रीत गेली. फोटो गेले, गिऱ्हाइकं गेली. जुन्या पत्त्यावर आता भेटवस्तूंचं दुकान दिसायचं. तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं होतं – नवं नाव फक्त आपल्या हातात राहील. ते कुणाला सांगायचंसुद्धा नाही.

पण कॅफेतल्या भेटी मात्र वाढत गेल्या. प्लगच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय.

ती त्याची परीक्षा घ्यायची. उत्तरं आधीच शोधून ठेवलेले प्रश्न निरागस चेहऱ्यानं विचारायची.

"नाव आणि होस्टिंग एकाच कंपनीकडून घेतलं तर सोपं नाही पडणार?"

"सोपं पडेल. पण घेऊ नका. नाव म्हणजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याचं घर. घरमालकाशी खटकलं, तर पाटी काखेत मारून दुसरीकडे जाता आलं पाहिजे."

"आणि पाटीवर माझा पत्ता, फोन सगळ्या जगाला दिसतो म्हणे?"

"झाकता येतो. मालकाचं नाव लपवायची सोय असते, ती नक्की घ्या."

"आणि साइटच्या प्रती कोण ठेवतं? कंपनी?" तिनं होस्टिंग कंपन्यांची यादी त्याच्यापुढे सरकवली.

तो थांबला. "ते कंपनीकंपनीवर आहे. तुमच्या यादीतल्या तिसऱ्या कंपनीचं मला माहीत नाही… विचारून सांगतो."

त्या 'माहीत नाही'नं तिचा घात केला. थापाड्या माणूस असं कधी म्हणतो? मग लगेच दुसरं मन म्हणालं, तेवढा पोचलेला असेल तर म्हणेलही!

एकदा बोलता बोलता त्यानं तिच्या बाहीवरचा कापसाचा पुंजका अलगद उचलला. "कुणाच्या पोटातला?"

"हत्तीच्या," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

बुधवारी तिनं त्याला नाव सांगितलं. कसं सांगून बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. तो म्हणाला होता, "नावाशिवाय किती दिवस सल्ले देऊ तुम्हाला?" आणि ती म्हणून गेली – "कानशिवण."

त्यानं ते हळूच एकदा म्हणून बघितलं. "छान आहे. लवकर घेऊन टाका."

गुरुवारी सकाळी तिनं शोधलं. कानशिवण डॉट कॉम – उपलब्ध नाही. मालकाचं नाव – लपवलेलं.

काल सांगितलं, आज गेलं… आणि लपवायची अक्कलही त्याचीच!

ती तडक कॅफेत गेली. तो नेहमीच्या जागी होता. तिला बघून हसला, ते हसू तिला आणखीच झोंबलं.

"किती हवेत?"

"काय?"

"नाव परत द्यायचे. लोक असंच करतात ना, दुसऱ्याचं नाव अडवून ठेवायचं आणि मग सौदा करायचा? मी मूर्ख, तुम्हाला सांगितलं!"

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लॅपटॉप ओढून त्यानं नावाची नोंद उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"मालकाचं नाव लपतं. नोंदीची तारीख लपत नाही. वाचा."

तिनं वाचलं. "रविवार…"

"मला कधी सांगितलंत?"

"बुधवारी." तिचा आवाज बारीक झाला.

"मग रविवारी हे नाव कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मी एकटीनंच घ्यायचा प्रयत्न केला होता… पण पैसे भरताना ते चक्र नुसतं फिरतच राहिलं. मी घाबरून पान बंद केलं. म्हटलं, ही कंपनी काही खरी नाही."

"पैसे गेले का बघितलंत?"

"माझं कार्ड नव्हतं. ताईचं होतं. मी माझं कार्ड असं कुठेही देत नाही."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो सावरला. तिनं ताईला फोन लावला.

"हो, आला होता ना मेसेज," ताई आरामात म्हणाली. "तुझंच काम ना? मला वाटलं, झालं म्हणून गप्प बसलीस. आणि काय गं, माझं कार्ड बुडालं असतं तर चाललं असतं होय तुला?"

जाहिरातींचा त्रास नको म्हणून तिनं या कामापुरता नवा ईमेल काढला होता आणि पुन्हा कधी उघडला नव्हता. आता उघडला. सगळ्यात वर रविवारचं पत्र होतं – अभिनंदन, कानशिवण डॉट कॉम आता आपलं आहे.

म्हणजे नाव पळवणारी तीच होती. स्वतःपासूनच लपवून बसली होती! तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. नाव वाचलं होतं. पण समोरचा माणूस सामान आवरत होता.

"सॉरी…"

"मला राग आलाय," तो शांतपणे म्हणाला. "थोडा वेळ येऊ दे." आणि वर निघून गेला.

शुक्रवारी तो आला नाही. प्लग दिवसभर रिकामा राहिला, आणि तिला तो बघवेना. शनिवारी ती त्याच्या ऑफिसच्या जिन्यात मांडीवर लॅपटॉप उघडून बसून राहिली. सुटीच्या वेळी तो खाली उतरला, तिला बघून पायरीवरच थबकला.

"घर भाड्यानं घेतलं," ती घाईघाईनं म्हणाली. "यादीतली तिसरी कंपनी. आणि खात्यात एक जागा आहे – माझा पासवर्ड हरवला, मी सापडले नाही, तर दुसऱ्या कुणाला विचारायचं ते लिहायची. त्याच्याकडेही किल्ली राहते. मी तिथे… तुमचं नाव लिहिलंय. फक्त होय म्हणायचं बाकी आहे."

तो दोन पायऱ्या खाली आला. तिची उघडी स्क्रीन त्यानं बघितली, आपलं नाव वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. मग हात लांब करून ते खोडून टाकलं.

"अजून राग आहे?" तिनं विचारलं.

"नाही. इथे ताईचं नाव टाक. माझं नको. उद्या आपलं भांडण झालं, तरी कानशिवणची किल्ली तुझ्याच हातात हवी."

"आपण… भांडणार आहोत?"

"भांडण्याइतकं जवळ यायचा विचार आहे माझा," तो म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "तुझी हरकत नसेल तर."

तिनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं – डोळे, ओठ, लाल पाळ्या – खोट शोधायची होती तेवढी शोधली. मग त्या मोकळ्या चौकोनात ताईचं नाव लिहिलं, लॅपटॉप मिटला आणि पायरीवर बाजूला सरकून त्याला बसायला जागा करून दिली.